शी आजी आणि तेलवाला

माझ्या सासूबाई पहिल्यांदा नेदरलँड्सला आल्या, तेव्हा विमानतळाच्या दारातच त्यांनी या देशाबद्दलचं मत नोंदवून टाकलं. समोर एक उंच बाई आपल्या कुत्र्याला कडेवर घेऊन त्याचे मुके घेत होती. आई तिथेच थांबल्या, पदर नाकाला लावला आणि म्हणाल्या, "शी! अगं, तोंडाचे!" त्या बाईला वाटलं, आजीबाईंना कुत्रा आवडला. तिने तो प्रेमाने पुढे केला. आई माझ्या मागे लपल्या आणि अ‍ॅमस्टेलव्हीनला घरी पोहोचेपर्यंत नाकावरचा पदर काढला नाही.

"शी" हा आईंचा शब्द. कराडच्या मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर मराठी शिकवलं. शब्दांचा साठा दांडगा होता, पण किळस आली की बाकी सगळे शब्द बाजूला सारून हा एकच पुढे यायचा. त्यातही प्रकार होते. आखूड "शी" चहात साय आल्यावर. लांबलेली "शीऽऽ" कोणी बुटांसकट घरात शिरल्यावर. आणि एकापाठोपाठ तीनदा "शी शी शी" म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलेलं आहे, सगळ्यांनी हात धुऊन घ्या. माझी मुलगी इरा तेव्हा साडेतीन वर्षांची होती. डच शेजारीण तिला सांगायची, ही तुझी ओमा, म्हणजे आजी. इराने स्वतःच्या बुद्धीने नाव ठेवलं, शी आजी. आईंना ते मुळीच खटकलं नाही. आता त्या नाहीत, पण आमच्या घरी विषय निघतो तो शी आजींचाच.

खरं सांगायचं तर किळस येण्यासारखं इथे पुष्कळ होतं आणि आईंनी त्यातलं काहीही सोडलं नाही. दुपारच्या जेवणाला थंड पाव आणि त्यावर थंड चीज. कच्चा मासा शेपटीला धरून, मान वर करून तोंडात सोडणारी माणसं. रुमालात नाक शिंकरून तोच रुमाल घडी घालून परत खिशात. आमच्या जुन्या फ्लॅटमधल्या संडासाच्या भांड्यात एक सपाट कट्टा होता, तो बघून तर त्या तशाच बाहेर आल्या. "हे काय गं? आधी बघायचं, मान्य झालं की मग खाली सोडायचं?" मला स्वतःला त्या कट्ट्याची पाच वर्षं शिसारी येत होती, पण परदेशात आलेल्या माणसाला तक्रार करायची लाज वाटते. आईंना तसली लाज नव्हती. त्यांच्या तोंडून ऐकताना मला फार बरं वाटायचं.

तीन महिन्यांसाठी आलेल्या आई अडकल्या. मार्चमध्ये करोनामुळे विमानं बंद झाली आणि दुकानांत लोक संडासाच्या कागदासाठी भांडायला लागले. "एवढा पुढारलेला देश, आणि कागद संपला म्हणून घाबरला? नळाला पाणी आहे ना?" असं म्हणून त्यांनी चार दिवस तो विषय चघळला. कोणी कोणाला भेटलं की गालाला गाल लावून तीनदा मुके घ्यायची इथली पद्धत बंद झाली, तेव्हा मात्र त्या म्हणाल्या, "चला, या रोगाने एक तरी काम चांगलं केलं." पण हे सगळं वरवरचं होतं. तिकडे कराडला बाबा एकटे होते.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, एका कानाने कमी ऐकणारे, दोन्ही कानांनी ऐकलं तरी फारसं न बोलणारे. त्यांना विमानाचा प्रवास नको होता म्हणून ते आलेच नव्हते. "तीन महिने काय, असे जातील," म्हणाले होते. टाळेबंदीत कामाची बाई यायची थांबली. बाबांना वरण-भात येत होता, त्यापुढे नाही. आई रोज फोन करायच्या. "अहो, जेवलात का?" "हो." "काय केलंत?" "केलं काहीतरी." "बरं, ठेवते." एवढंच. चाळीस वर्षांच्या संसारात दूध, गॅस आणि पाहुणे यांपलीकडे त्यांचं बोलणं गेलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. फोन ठेवला की आई खिडकीशी जाऊन उभ्या राहायच्या आणि रिकामी ट्राम जाताना बघून तिलासुद्धा शी म्हणायच्या. त्यांना घरी जायचं होतं, दुसरं काहीही नको होतं.

अशात मी एक चूक केली. त्यांचं मन रमावं म्हणून एक कोरियन मालिका लावून दिली. मला या मालिकांचा मनापासून तिटकारा आहे. नायिका पंधरा वर्षांनी शहरातून आपल्या गावी परत येते आणि तिचा पहिला प्रियकर तिथेच, तसाच, गुळगुळीत चेहऱ्याने तिची वाट बघत असतो. हा तिळाचं तेल गाळायचा. दिवसभर घाण्यावर उभा, पण स्वेटरवर एक डाग नाही. दोघं एकमेकांकडे बघायला लागले की कॅमेरा तिथेच मुक्काम ठोकायचा. मला वाटलं, आई दहा मिनिटांत बंद करतील.

दहाव्या मिनिटाला त्या म्हणाल्या, "शी! पंधरा वर्षं हा नुसतं तेल गाळत बसला? लग्न करून द्यायला आई नाही का याला?" आणि अकराव्या मिनिटाला म्हणाल्या, "मुग्धा, खालची अक्षरं फार भरभर पळतात गं. वाचून दाखव."

झालं. रोज माझ्या कामाच्या मधल्या सुट्टीत, एका हातात तोच शी म्हटलेला पाव आणि समोर तेलवाला. इंग्रजी वाक्यं पळायची, मी ती मराठीत म्हणायची. नवरा आतल्या खोलीत मीटिंगमध्ये, इरा टेबलाखाली, आणि मी "तुझ्याशिवाय हे गाव मला गाव वाटलंच नाही" असली वाक्यं तोंडात पाव असताना म्हणतेय. शिसारी आली मला स्वतःचीच. आईंची तर चालूच होती. नूडल्स ओढताना आवाज केला, शी. स्वयंपाकघरात केस मोकळे सोडले, शी. एका भागात नायिका दारू पिऊन रस्त्यात ओकते आणि तेलवाला तिला पाठुंगळीला घेऊन घरी नेतो. त्या दिवशी तीनदा शी झालं आणि आईंनी खरोखरच उठून हात धुतले. मग पदराला हात पुसत विचारलं, "नेलं ना पण नीट घरी?"

एका गोष्टीवरून मात्र त्या अडून बसल्या. नायिका तेलवाल्याला नावाने हाक मारायची. मी तसंच म्हणत होते. आई म्हणाल्या, "नाव काय घेते त्याचं? शी!"

"आई, त्यांचं अजून लग्न झालेलं नाही."

"होणार आहे ना? मग तिला अहो म्हणू दे. माझ्या कानाला बोचतं."

मी वाद घातला नाही. तेव्हापासून कोरियातली ती नोकरी गेलेली, दारू पिणारी, फाटक्या जीन्समधली मुलगी आमच्या घरात त्या तेलवाल्याला "अहो" म्हणायला लागली.

दुपारी पाहिलेला भाग आई चार वाजता बाबांना फोनवर सांगायच्या. कराडला तेव्हा दिवेलागण झालेली असायची. सुरुवातीला वाटलं, बाबा कंटाळतील. पण आई सांगायच्या कशा, तर वर्गात धडा वाचावा तशा, आवाज बदलून, संवादासकट, मध्येमध्ये आपली शी घालत. पलीकडून थोड्या वेळाने बाबांचा आवाज यायचा, "मग?" आई पुढे सांगायच्या. पुन्हा "मग?" जेवलात का, या प्रश्नाला कधी एका शब्दापेक्षा जास्त उत्तर न देणारा माणूस तासभर फोनवर बसायला लागला. एकदा तर त्यांनी स्वतःहून मत दिलं, "तेल गाळायचं काम वाईट नाही." आई फोन ठेवून कितीतरी वेळ हसत होत्या. त्या सबंध उन्हाळ्यात आमच्या घरात एवढी एकच बरी वेळ असायची, असं आज वाटतं.

शेवटाकडचा भाग होता. नायिका रुसून शहरात निघून गेलेली असते, ती एका संध्याकाळी परत येते. बर्फ पडतंय, तेलवाल्याच्या घराचं दार बंद. चार वाजता आईंनी फोन लावला. मी शेजारीच कपड्यांच्या घड्या घालत होते. फोनचा आवाज मोठा केलेला होता. त्या दिवशी त्या अगदी रंगात आल्या होत्या. ती कशी चालत आली, पायरीवर कशी थांबली, ते सगळं सांगून झालं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "अहो, आले मी. दार उघडा ना."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग कडी वाजली. आई आपल्या सांगतच होत्या. मग त्यांच्या लक्षात आलं की "मग?" येत नाहीये.

"अहो? अहो, ऐकताय ना? कुठे गेलात?"

बराच वेळ काही नाही. नुसते रस्त्यावरच्या कुत्र्यांचे आवाज येत होते. मग खुर्ची पुन्हा वाजली.

"कोणी नाही," बाबा म्हणाले.

"कोण असणार?"

"तू म्हणालीस ना. अहो, आले मी. दार उघडा."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मी घडी घालायची थांबले.

"मी नाही हो," आई हळूच म्हणाल्या. "ती. मालिकेतली."

"हां हां. ती." बाबा म्हणाले. "मला वाटलं, विमानं सुरू झाली. न सांगताच आलीस." मग म्हणाले, "ठेवतो. डास आलेत आत."

आईंनी फोन मांडीवर ठेवला. मला वाटलं आता शी म्हणतील, म्हाताऱ्याला एवढं कळत नाही का म्हणतील. त्या उठून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या; ट्राम आली, गेली. मी उगाच त्याच त्या टॉवेलची घडी मोडून पुन्हा घालत राहिले.

रात्री जेवताना त्यांनी निखिलला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं, "मला घरी पाठव."

"आई, तुला शुगर आहे. विमानात एवढी माणसं, बंद हवा. थोडं थांब, सगळं सुरळीत होऊ दे."

"निखिल, तुझे बाबा दार उघडून बाहेर बघत उभे राहिले."

"अगं, पण वाटेत काही झालं तर?"

"इथे झालं तर काय? तुमचा हाउसआर्ट्स डॉक्टर पॅरासिटामॉल घे म्हणेल. शी!" मग आवाज खाली आला. "मी तिकडे जाऊन आजारी पडले तर चालेल रे. ते एकटे नकोत."

निखिल उठून गेला. त्याला राग आला नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही सरकारने सोडलेल्या खास विमानासाठी त्यांचं नाव नोंदवलं. नंबर लागेपर्यंत बरेच आठवडे गेले. तेवढ्या काळात आईंनी ती मालिका पुन्हा लावू दिली नाही. शेवटचे भाग राहिलेच. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "त्यांना मी शेवट सांगून टाकलाय, माझ्या मनानेच. त्याहून चांगला ते काय दाखवणार?"

विमानतळावर आत फक्त प्रवाशांना सोडत होते. आईंच्या अंगावर पांढरा कागदी झगा, मास्क, त्यावर प्लॅस्टिकची पारदर्शक पट्टी, आणि या सगळ्याच्या खाली नेहमीची नऊवारीसारखी खोचलेली पाचवारी. इरा त्यांना बिलगायला गेली आणि आम्ही तिला मागे ओढलं. आजीला पोरीपासून लांब ठेवायची वेळ यावी, याची जेवढी घाण वाटली तेवढी मला त्या दोन वर्षांत कशाचीच वाटली नाही. इराने लांबूनच ओरडून विचारलं, "शी आजी, तू अहोंकडे चालली?" माझा मास्क भिजला होता. आई मला म्हणाल्या, "शी, रडतेस काय? नाक पूस. आणि तो रुमाल परत खिशात घालू नकोस." मग पाठ फिरवली आणि ढकलगाडी घेऊन तरातरा आत गेल्या.

मुंबईत विलगीकरणासाठी त्यांना हॉटेलात आठवडाभर राहावं लागलं. तिथल्या चादरींविषयी, पोह्यांविषयी आणि बाथरूममधल्या केसाविषयी आम्हाला सविस्तर कळत होतं. त्यानंतर एका दुपारी गाडी त्यांना घेऊन कराडला निघाली. त्या दिवशी माझं कामात काही लक्ष लागेना. त्या मालिकेने माझंही डोकं नासवलं असणार, कारण मी सारखी तेच बघत होते. पायरी, बंद दार, आणि कागदी झग्यातल्या आमच्या आई.

संध्याकाळी फोन आला. पोहोचले, म्हणाल्या. दमल्या होत्या, पण आवाज घरातला होता. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. माझ्याने राहवेना. मी विचारलं, "आई, दारात गेल्यावर काय म्हणालात बाबांना?"

"काय म्हणणार? आपण काय मालिकेतले आहोत?" त्या म्हणाल्या. "दार उघडंच होतं गं. सकाळपासून टाकलंय म्हणे तसंच उघडं. सगळ्या घरभर माशा. शी!"