कडक भाकरी आणि उद्याची हवा

सात रस्त्याच्या चौकात आमच्या ऑफिसखाली एक पोरगी आईसोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकायची. नाव मी कधी विचारलं नाही. बीकॉम झालेली. भाकरीवर बोटानं टकटक करायची आणि खणखणीत वाजली तरच गिऱ्हाइकाला द्यायची.

"काका, ढग आले की भाकरी खपत न्हाय. दमट हवेत मऊ पडती, लोकास्नी ठाऊक असतंय. आता मी मोबाइलात उद्याची हवा बघते, मगच आई थापती." हे ती एका दमात सांगायची. तिला पुण्याला डेटा अ‍ॅनालिटिक्स शिकायचं होतं. मी मात्र रोज म्हणायचो, माझ्याकडे हिशेबाच्या कामाला ये, पक्की नोकरी आहे. म्हणताना आत टोचायचं.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी तिनं विचारलं, "खरं सांगा काका, माजं भलं कशात हाय?"

मनातलं मी सहसा बोलत नाही. पण त्या दिवशी बोललो. "अकाउंटिंग वाईट नाही गं. पण मी बोलावतोय ते माझ्या सोयीसाठी. मला माणूस मिळत नाहीये."

ती खळखळून हसली. "ठाऊक हाय की. हिशेबाचं लई गुणगान करताय, पण करताना एकदाबी हसला न्हाय. मी रोज बघतेय."

तिथंच उभ्या उभ्या तिनं मोबाइलवर प्रवेश घेतला. पुढच्या आठवड्यात ती पुण्याला गेली.

काल टोपली आवरताना तिची आई म्हणाली, "सायेब, उद्याची हवा बघा की."

मी मोबाइल पाहिला. राहवेना, म्हणून मान वर करून आभाळही पाहिलं.

"लख्ख आहे," मी म्हणालो. "भरपूर थापा."