इंग्लंडहून मागवलेलं हेड

मंडळी, जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात आज सकाळी आमच्या गाडीला पहिलं बक्षीस मिळालं. पण अभिनंदनाचे मेसेज थांबवा, आधी हे वाचा.

गाडी आजोबांची. इंग्रजांच्या काळातली, चिमुकली, विलायती. इंजिनाचं हेड फुटल्यापासून गोठ्यात धूळ खात पडली होती. तसं हेड कुठंच मिळेना. शेवटी उद्यमनगरातल्या बापू मिस्त्रींनी लाकडाचा साचा कोरला आणि शेजारच्या फाउंड्रीत नवीन हेड ओतून घेतलं. तीनदा फसलं. चौथ्यांदा गाडी सुरू झाली तेव्हा हा सत्तरीचा माणूस लहान पोरासारखा नाचला होता.

आज परीक्षकांनी बॉनेट उघडायला लावलं. "हेड ओरिजिनल आहे?"

बक्षिसाच्या हावेनं मी बोलून गेलो, "हो, इंग्लंडहून मागवलंय."

बापू शेजारीच उभे होते. परीक्षक त्यांच्याकडं वळले. "काय मिस्त्री, खरं का?"

बापूंनी एकदा माझ्याकडं बघितलं.

"व्हय साहेब, विलायतीच हाय की. असलं काम आपल्याकडं कुठं हुतंय?"

मी कप घेतला, फोटोसाठी हसलोसुद्धा. बापू तोवर फडक्यानं बॉनेटवरचे बोटांचे ठसे पुसत होते.

उद्या परीक्षकांना खरं सांगून कप परत करणार आहे. ते सोपं आहे हो. पण माझी लाज राखायला बापू जे बोलले, ते मी कसं परत घेऊ?