गितेच्या आईचं सुतक

तोंगयोंग बंदरामागच्या वस्तीत कुणी गेलं की दोकशिमला बोलावणं यायचं. एरवी ती शेडमध्ये कालवं फोडायची, आणि कुणाचा बाप, कुणाची सासू गेली की कोमट पाण्यात फडकं भिजवून त्या देहाला आंघोळ घालायची. काम झालं की त्याच घरच्या बायका तिच्या हातचं पाणी प्यायला कचरत. तिला त्याचं वाईट वाटत नसे, कारण तिलाही ते पटायचं. प्रेताला शिवलं की तीन दिवस होडीला हात लावायचा नाही, देवाच्या दारात पाऊल टाकायचं नाही. नवरा बुडाल्यावर ती चर्चला जाऊ लागली, रीतसर बाप्तिस्मा घेतला, पण हे सुतक काही त्या पाण्याने धुतलं गेलं नाही.

त्या हिवाळ्यात शेजारच्या म्हाताऱ्याला तिने सकाळी आंघोळ घातली आणि संध्याकाळी बातमी आली, गिते ज्या होडीवर होता तिचा वायरलेस बंद पडलाय. गिते तिचा एकुलता एक.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या प्रार्थनेला सगळी वस्ती लोटली. दोकशिम दाराबाहेर, काढून ठेवलेल्या चपलांपाशी कुडकुडत उभी राहिली. आत सगळ्यांनी रिवाजाप्रमाणे ‘प्रभू’ अशी तीनदा हाक मारली आणि जो तो आपापली प्रार्थना मोठ्याने करू लागला. त्या गलक्यात तिला गितेचं नाव एकदाच ऐकू आलं, तेही दुसऱ्याच कुणाच्या तोंडून.

शेडमध्ये तिच्या शेजारी बसणारी बोंगजा, चर्चमधली मोठी बाई, तिला शोधत बाहेर आली.

“इथे काय करतेस, गितेची आई? आत स्टोव्ह पेटलाय.”

“मला सुतक आहे, ताई. तुम्हीच सांगा प्रभूला. तुमचं ऐकतो तो.”

“माझं ऐकत असता तर आमच्या ह्यांची दारू कधीच सुटली असती.”

“चेष्टा नका करू. मी अशी आत गेले आणि त्याला राग आला तर? माझ्यावर निघाला तर निघू दे, पण तो गितेवर निघेल.”

बोंगजाची मस्करी तिथेच विरली. “अगं,” ती हळूच म्हणाली, “येशूच्या देहाला सुगंधी द्रव्यं लावायला पहाटेच्या कोण निघाल्या होत्या? तुझ्यासारख्या बायकाच ना? तो उठल्याची बातमी आधी त्यांनाच मिळाली. तेव्हा कुणी विचारलं का त्यांना, सुतक आहे म्हणून?”

दोकशिमला हे काही पुरतं पटलं नाही. पण थंडी होती, आणि दुसरीकडे जायला जागा नव्हती. ती आत जाऊन दाराशीच बसली. हात पदराखाली लपवावेत तसे तिने जाकिटात कोंबले. शब्द सुचेनात. “गितेला परत दे,” एवढंच ती पुटपुटली, आणि तेही भीतभीत. मनाला शांती वगैरे काही मिळाली नाही, खोटं कशाला सांगा.

दुपारी गस्तीच्या बोटीने एक देह आणला. चादर बाजूला झाली. गिते नव्हता, त्याच्याच होडीवरचा पोरगा होता. दोकशिमला हायसं वाटलं, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. पोराच्या आईने तिची बाही घट्ट धरली.

“तूच घाल गं त्याला आंघोळ. परक्या हाताने नको.”

तिने घातली. केसांतलं मीठ बोटांनी मोकळं केलं, मानेमागची वाळू पुसली, गिते लहान असताना घासायची तसे कान घासले.

पुढच्या पहाटे ती पुन्हा चर्चला गेली. दाराशी थांबली नाही. बायकांनी घागरे आवरून वाट दिली, कुणी नाक मुरडलं असेल तर तिने पाहिलं नाही. थेट पुढे जाऊन बसली आणि इतरांची हाक सुरू व्हायच्या आधीच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागली.

“मी आलेय. काल कुणाला आंघोळ घातली ते तुला ठाऊक आहे, मी लपवत नाही. माझा गिते जिवंत दे.” तिने गुडघ्यांवर दोन्ही हात उताणे ठेवले. “आणि नसेल जिवंत, तर माझ्याच हातात दे.”