उज्वलाबाई आणि टॉर्चचं बूड

द्राक्षाचा हंगाम तोंडावर आला की दिंडोरीजवळच्या एका पॅकहाउसमध्ये बायकांची भरती होते. कारकून मान वर न करता विचारतो, "शिक्षण?" उज्वला दरवर्षी सांगायची, "दहावी नापास." मागच्या बायकांना ऐकू जाऊ नये म्हणून इतकं हळू सांगायची, की तो हमखास पुन्हा विचारायचा. म्हणजे शाळेत एकदा नापास झालेली बाई दर हंगामात दोनदा नापास व्हायची. पेटी भरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण सुपरवायझर व्हायला दहावी पास लागतं. नियम म्हणजे नियम.

इंग्रजी आणि विज्ञान हे दोन दगड तिच्या वाटेत पडलेले. लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी कॉलेजातही गेली, दगड जागचे हलले नाहीत. शेवटी चाळिशीला टेकल्यावर तिने बाहेरून परीक्षेला बसायचं ठरवलं. सासूबाई, पुतळाबाई, ओट्यावरूनच कडाडल्या, "शिंगं मोडून वासरात शिरती का गं? आता काय कलेक्टर व्हायचं हाय?" उज्वलाला कलेक्टर व्हायचं नव्हतं. तिला फक्त त्या कारकुनाला मोठ्याने उत्तर द्यायचं होतं.

गावात नाझिया मॅडम शिकवणी घेतात. वयाने उज्वलाच्या धाकट्या बहिणीएवढ्या, पण मोठ्या हिकमती. नियमांची घोकंपट्टी या बाईच्या गळी उतरत नाही म्हटल्यावर त्यांनी इंग्रजीचे काळ सरळ बागेत नेले. छाटणी झाली तो भूतकाळ, डिपिंग चाललंय तो वर्तमान, तोडणी व्हायची तो भविष्य. उज्वला औषधाच्या मगात घड बुडवताना पुटपुटायची, "आय डिप, आय डिप्ड, आय हॅव डिप्ड." शेजारच्या ओळीतून तिची सोबतीण छाया ओरडायची, "द्राक्षाला मंतर घालती काय गं?" हसायच्या सगळ्या, पण चार दिवसांनी त्यांच्याही तोंडात तो मंतर बसला.

वीजही मॅडमनी ठिबकवरच शिकवली. सेल म्हणजे विहिरीवरची मोटर, तिचा जोर म्हणजे व्होल्टेज, नळीतलं पाणी म्हणजे करंट, नळीत गाळ अडकला की रेझिस्टन्स. उज्वला खूश झाली. "एवढंच व्हय? हे तर मला लग्न झाल्यापासून येतंय!"

आणि तिथेच घोटाळा झाला.

प्रात्यक्षिकाची परीक्षा नाशिकला, पंचवटीतल्या एका शाळेत होती. दारातच एका पोरीने सांगितलं, "काकू, पालकांनी बाहेर थांबायचंय." काकू हसल्या आणि आत जाऊन बसल्या. समोर सेल, वायर आणि छोटा बल्ब. उज्वलाने सेलपासून बल्बपर्यंत वायर नेली, बल्बच्या पलीकडे दुसरी वायर जोडली आणि तिचं टोक व्यवस्थित दुमडून पिळून टाकलं. ठिबकच्या नळीचं टोक कुणी उघडं ठेवतं का? सगळं पाणी वाहून जाईल की!

बल्ब काही पेटला नाही.

"वेळ आहे ताई, परत बघा," परीक्षक शांतपणे म्हणाले.

तिने सगळे जोड दाबून पाहिले. सगळं जागच्या जागी होतं. तिच्या तोंडचं पाणी पळालं आणि डोळ्यांपुढे तो कारकून उभा राहिला, मान खाली घालून लिहिणारा. रडू अगदी डोळ्यांपर्यंत आलं होतं.

तेवढ्यात तिला टॉर्च आठवला. मागे एकदा रात्री नवऱ्याबरोबर बागेला पाणी द्यायला गेली असताना तो हातातून निसटला आणि बुडाचं झाकण चिखलात गेलं. सेल आत, बल्ब धड, तरी मेला पेटेना. झाकण शोधून, पुसून लावलं तेव्हा कुठे उजेड पडला. झाकणात होतं काय, तर एक स्प्रिंग. मग पेटायला ती कशाला लागली?

पाणी गेलं ते मातीत मुरतं, त्याचं काम झालं. हा करंट मुरत नाही, याला माघारी सेलच्या घरी यावं लागतं!

तिने पीळ सोडला आणि वायरचं टोक सेलच्या दुसऱ्या बाजूला टेकवलं. बल्ब पेटला. "पेटला!" ती इतक्या जोरात ओरडली की अख्खा वर्ग वळून बघायला लागला. परीक्षकही हसले आणि गुण मांडू लागले.

उन्हाळ्यात निकाल लागला. इंग्रजी सुटलं, विज्ञान सुटलं. शिंगांची गोष्ट काढणाऱ्या पुतळाबाई पेढ्यांचा पुडा घेऊन घरोघर फिरल्या, "माझ्याच सुनेचं डोकं हाय ते!"

पुढच्या हंगामात पुन्हा रांग लागली. कारकुनाने सवयीने विचारलं, "शिक्षण?"

"दहावी पास!"

कारकुनाने दचकून मान वर केली. "अहो बाई, हळू. ऐकू येतं मला."

"येतंय ना?" उज्वला म्हणाली. मग मागच्या रांगेकडे वळून तिने आणखी मोठ्याने सांगितलं, "दहावी पास!"