पऱ्याकाठची राखण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला तरी कसं सांगू—पण आता पोटात ठेववत नाही.

संगमेश्वरच्या वर, डोंगराला टेकून माझी हापूसची बाग आहे. कडेने पऱ्या वाहतो. ओढ्याला आमच्याकडे पऱ्या म्हणतात. त्याच्या काठाला करंज, उंबर, निगडी, खाली केवड्याची दाट जाळी. भाताची जमीन भाजायला वडील साऱ्या रानातून कवळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडायचे, पण काठाची एक फांदी तोडू द्यायचे नाहीत. "ता पऱ्याचा कुंपान हाय," म्हणायचे. मला ते म्हाताऱ्याचं खूळ वाटायचं.

वडील गेले आणि मी काठ साफ केला. कशासाठी? कलमांची आणखी एक रांग बसावी म्हणून. एका रांगेसाठी!

पुढच्याच पावसात काठ ढासळला. बागेतली लाल माती, खत, तणनाशक—आधी त्या जाळीत अडायचं, मुळांत मुरायचं—ते सगळं सरळ खाली. खाली शेवंतीकाकीची विहीर. माझी चुलत काकी. एकटी, मुलगा मुंबईला. पाणी गढूळ झालं, त्याला वास यायला लागला, काकीचं पोट बिघडलं ते बिघडलंच. मला कळलं नव्हतं? पहिल्याच दिवशी कळलं होतं. तो वास माझ्या फवारणीच्या पंपाचा होता.

ती विचारायला माझ्याच दारात आली. आणि मी—मी म्हणालो, "काकी, राखण चुकली आसंल." जागेच्या राखणदाराला दरवर्षी नारळ-कोंबडा द्यायचा, ती राखण. काकीने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "व्हय रं, माजाच कायतरी चुकला आसंल."

तिचं काहीच चुकलं नव्हतं.

यंदा मी काठावर पुन्हा करंज लावले. दोन रोपं वाहूनही गेली. मुळं धरायला वर्षं लागतील, आणि काकी आजही तेच पाणी पिते. जीव तीळतीळ तुटतो, पण तिच्यासमोर तोंड उघडत नाही. भेकड आहे मी, दुसरं काय?

तिच्या घरात पुरुषमाणूस नाही, म्हणून राखणीचं गाऱ्हाणं दरवर्षी मीच घालतो. विहिरीपाशी उभा राहून, मोठ्या आवाजात—"म्हाराजा, या बाईच्या हातून काय चूक झाली आसंल ती पदरात घे." काकी डोळे मिटून, हात जोडून म्हणते, "व्हय म्हाराजा."

मग खोबऱ्याचा पहिला तुकडा ती माझ्या हातावर ठेवते. मी तो खातो.