पाच पाली, दहा डबे

दिलेल्या शब्दासाठी माणसं राज्यं सोडतात, असं आमच्या घरी लहानपणापासून सांगितलं गेलं. आमच्याकडे सोडायला राज्य नव्हतं. ठाकुर्लीच्या फ्लॅटमध्ये मागची एक खोली होती, आणि तिच्याबद्दल थोरल्या भावाने मला शब्द दिला होता.

प्रश्न माझ्या पाच पालींचा होता. ठिपक्यांच्या, परदेशी जातीच्या, रीतसर नोंदणी केलेल्या. वहिनीला त्यांचं कौतुक नव्हतं. "भावोजी, भिंतीवर फुकट मिळतात त्या. तुम्ही विकत आणल्या?"

दादा मध्ये पडला. "त्यांना एक रॅक कर. हॉलमध्ये काही दिसता कामा नये. मग पाली इथेच राहतील, माझा शब्द."

मे महिन्यात चार रविवार खपून आम्ही दोघांनी तो केला. कल्याणच्या भंगारातले लोखंडी अँगल, सहा फळ्या, आणि दोन फळ्यांच्या मध्ये ड्रॉवरसारखा सरकणारा एकेक प्लास्टिकचा डबा. डब्याला झाकण नाही, वरची फळीच झाकण. मागे गरम होणारी पट्टी, तिला थर्मोस्टॅट.

डबे दादाने आणले. दहा. तेही खाण्याच्या वस्तू ठेवायचे, जाड.

"पाच जास्त कशाला?"

"फुटले तर?" हवेसाठी भोकंही त्याने पाचांनाच पाडू दिली.

पुढे तो अधूनमधून विचारायचा, "रात्रभर एकतीसवर टिकतं का रे?" टिकतं म्हटलं की मान डोलवायचा. आपल्या छंदात रस घेणारा भाऊ मिळायला नशीब लागतं, असं मी चार लोकांना सांगितलं. ते आता परत घेता येत नाही.

जानेवारीत मित्राच्या गृहप्रवेशाला दोन दिवस खडवलीला गेलेलो. परत आलो तर मागच्या खोलीत आंबूस वास. सगळ्यात वरच्या डब्यात तुटक्या शेपटीची म्हातारी असायची. धक्का बसला की दिवसभर जेवायची नाही. म्हणून मी डबा सवयीने हळूच ओढला. आत काठापर्यंत फुगलेलं पांढरं पीठ. पाचही डब्यांत तेच. एकालाही भोकं नव्हती.

"थंडीत पीठ फुगत नाही रे," दादा दारातून म्हणाला. "हिच्या इडलीच्या ऑर्डरी परत जायला लागल्या."

"आणि पाली?"

"कल्याणला, माझ्या ऑफिसातल्या एकांकडे. तुझ्या डब्यांसकट दिल्या. तिकडे काचेच्या पेट्या आहेत, आत दिवा. प्रगतीच झाली की त्यांची."

"तू शब्द दिलेलास."

"दिलेला ना. तेव्हा उन्हाळा होता."

दहा डबेही उन्हाळ्यातच आणलेले. या घरचं अन्न यापुढे घेणार नाही, एवढंच पूर्ण वाक्यात जाहीर केलं. कोणी आग्रह केला नाही.

संध्याकाळी थर्मोस्टॅट एकतीसवर स्थिर होता. इडल्या हलक्या झाल्या होत्या. मी सात खाल्ल्या.