भावोजींची लेव्हल आणि तिरकी होडी

माझे भावोजी कुणाच्याही घरी गेले की आधी खिशातून लेव्हलची बाटली काढतात. काचेच्या नळीत हिरवं पाणी, त्यात एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला की वस्तू सरळ. स्वतःच्या लग्नात त्यांनी ती जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा सारल्यावरच जेवायला बसले. नवरदेव टेबलाखाली शिरलेला पाहून आमच्या आईला तोंड कुठे लपवू असं झालं होतं.

भावोजी होड्या बांधतात. गिऱ्हाईक आलं की लांबी विचारतात, रुंदी विचारतात, तिसरा प्रश्न नाही. "होडी सरळ असली की झालं," म्हणतात. आणि ती सरळ असतेच. डावी बाजू झाकावी आणि उजवी दाखवावी, काही फरक नाही.

या सरळपणाच्या वेडाला कारण होतं. त्यांच्या आजोबांनी जन्मभर होड्या बांधल्या, पण लोकांनी लक्षात ठेवली ती एकच, तिरकी. रिकामी असो की भरलेली, ती आपली उजवीकडे झुकायची. म्हातारा पिऊन बांधत होता, असं सगळे म्हणत. घराला 'वाकडा सुतार' हे नाव तेव्हापासून चिकटलं. भावोजी शाळेत जायचे तेव्हा पोरं त्यांच्या मागून एक खांदा पाडून चालायची. आजही कुणी वाकड्या सुताराचं घर विचारलं, तर भावोजी त्याला खुशाल पुढच्या गल्लीत पाठवून देतात.

तीच होडी यंदा त्यांच्या दारात आली. मालकीण म्हणजे बाजारातली मासळीवाली मावशी. होडी तिच्या वडिलांची. ती लहान असतानाच वडील वारले, मग होडी भाड्यानं दिली. दोघं-दोघं गडी घेऊन जायचे आणि शिव्या देत परत आणायचे. शेवटी ती छपराखाली उलटी पडून राहिली.

"हिला परत पाण्यात घाला, मिस्त्री," मावशी म्हणाली. "डोळे मिटायच्या आत एकदा हिच्यात बसायचंय मला."

"घालतो. आणि सरळही करून देतो," भावोजी म्हणाले.

ताई माझ्या कानात म्हणाली, "आता बघ. आजोबांचं नाव धुऊन काढल्याशिवाय यांना झोप लागायची नाही."

माझं सायकलचं दुकान शेजारीच, आणि नाक खुपसायची मला भारी हौस. भावोजींनी कुजक्या फळ्या बदलल्या, सांध्यांत कापूस ठोकला. मी रंग खरवडत बसलो. डाव्या बाजूच्या बरगड्या उजव्यांपेक्षा जास्त बाकदार होत्या, त्यामुळे ती बाजू फुगल्यासारखी दिसायची. त्या कापून नव्या बसवायच्या म्हणून भावोजींनी खडूनं रेघ मारून ठेवली होती.

खरवडताना मला एक गंमत दिसली. उजव्या काठावर जुना रंग जाडच्या जाड तसाच होता. डावा काठ मात्र झिजून गुळगुळीत, आणि एका जागी तर बोट बसेल एवढ्या खाचा.

"भावोजी, जाळं काय एकाच बाजूनं ओढायचे?"

"ओढत असतील."

"का पण?"

"तू आपल्या सायकली बघ."

पण डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. तडक मावशीचं घर गाठलं. दार उघडायला गेलो तर कडी सापडेना. चाचपडत राहिलो, ती भलत्याच बाजूला निघाली.

"नवा माणूस हमखास फसतो," मावशी आतून हसली. "वडील डावरे होते ना. त्यांच्या हाताला सोयीचं म्हणून मुद्दाम तसं दार करून दिलंय."

"कुणी?"

"कुणी म्हणजे? तुझ्या भावोजींच्या आजोबांनी. होडी केली तेव्हाच."

"आणि होडीत वडिलांबरोबर कोण असायचं?"

"कुणी नाही. एकटेच जायचे."

मी धावतपळत परत आलो तेव्हा भावोजींच्या हातात करवत होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं.

"दाराचा आणि होडीचा काय संबंध?"

"कापायच्या आधी एकदा पाण्यात तर घाला. नाहीतरी फळ्या भिजून फुगल्याशिवाय फटी मिटत नाहीत, हे तुम्हीच सांगता."

धुसफुसत त्यांनी करवत ठेवली.

होडी पाण्यात गेली आणि इमानेइतबारे उजवीकडे झुकली. फटींतून आलेलं पाणी उजव्या कुशीत साचलं. धक्क्यावर कुणीतरी खी खी केलं. भावोजींचे कान लाल झाले.

"झालं समाधान?" ते मला म्हणाले.

"तुम्ही बसा की आत. डावीकडे, त्या खाचांपाशी."

मावशीनं वडिलांचं जाळं आणलं होतं. ते पाण्यात सोडलं. भावोजी डाव्या काठाला टेकून बसले आणि ओढू लागले. ओलं जाळं खाचांवरून जड होऊन वर येऊ लागलं, तशी होडी हळूहळू उठली. उजवीकडचं पाणी सरकत सरकत मध्ये आलं.

भावोजींनी एका हातानं जाळं धरून ठेवलं, दुसऱ्या हातानं खिशातली बाटली काढली आणि समोरच्या आडव्या फळीवर ठेवली. बुडबुडा मधोमध होता.

ते त्याच्याकडे बघतच राहिले. एकट्या डावऱ्या माणसासाठी बांधलेली होडी होती ती. बाकी कुणी बसलं की ती झुकणारच.

"माझ्या शेजारी झोपायचे आजोबा," भावोजी म्हणाले. "मी कधी विचारलंच नाही. लाज वाटायची मला त्यांची." त्यांचे डोळे भरून आले होते, पण दोन्ही हात पुन्हा जाळ्यात गुंतलेले, पुसायला एकही मोकळा नव्हता.

मग मावशीला हात देऊन आत घेतलं. ती खाचांपाशीच बसली. खडूची रेघ भावोजींनी आपल्या बाहीनं पुसली.

पुढच्या आठवड्यात एक अनोळखी माणूस आला. नवी होडी बांधून घ्यायची होती. दारातूनच त्यानं विचारलं, "वाकड्या सुताराचं घर हेच का?"

ताईनं हातातलं काम थांबवलं. मी पंक्चरचं चाक तसंच धरून राहिलो.

"हेच," भावोजी म्हणाले. त्यांनी टेप बाजूला ठेवली आणि त्याच्यासाठी स्टूल ओढलं. "बसा. बरोबर कोण असतं तुमच्या? आणि जाळं कुठल्या हातानं ओढता?"